आल्फरेक: टेकडी रिकामी करणारा शब्द

मी आल्फरेक बोलतोय. जात शब्दाची, वय हजाराच्या पुढे, राहणार आइसलंड. धंदा सांगायला जरा पंचाईत आहे. पण मी काही लाजरा नाही, आणि तुम्हीही वाचायला बसलाच आहात, तेव्हा सांगून टाकतो. जेवत असाल तर आधी ताट संपवून या.

तुमच्याकडे सभ्य माणसं ‘परसाकडे जाऊन येतो’ म्हणत. परसात कुणी मुळे उपटायला जात नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे, तरी कुणी पुढे विचारत नसे. आमच्याकडे त्याच कामाला ‘आल्फरेकला जाऊन येतो’ म्हणायचे. माझी फोड अगदी सोपी आहे. ‘आल्फ’ म्हणजे दगडांत आणि टेकड्यांत राहणारी लपली माणसं. त्यांची गुरं असतात, लग्नं होतात, भांडणंही होतात. आपल्यापेक्षा ती देखणी आणि फार टापटिपीची, एवढाच काय तो फरक. ‘रेक’ म्हणजे हाकलणं. म्हणजे ज्याच्या नुसत्या वासाने ती टापटिपीची माणसं बोचकी बांधून पळत सुटतात, ते मी.

आता तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. हजार वर्षं लोक माझ्याकडे बघून तेवढंच करत आलेत, आणि माझ्यावाचून मात्र एकाचंही भागलेलं नाही.

माझा जन्म घरात झाला नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. मला घडवणारी माणसं समुद्रापलीकडून होड्या वल्हवत या बेटावर आली. इथला वारा असा की उघड्यावर बसलेला माणूस उठेस्तोवर दुसऱ्याच्या शेतात पोचावा. म्हणून बसायला आडोसा हवा, आणि आडोसा म्हणजे मोठे दगड नाहीतर टेकाडं. नेमकी तीच लपल्या माणसांची घरं! तर असाच कुणी बाप्या टेकाडामागे तुमान सोडायला लागला असेल आणि त्याची बायको लांबून ओरडली असेल, अरे तिथे नको बसू, पळवून लावशील त्यांना. त्या ओरडण्यातून मी जन्मलो असेन. हा माझा आपला अंदाज आहे. पंडितांकडेही याहून बरा नाही.

एक मात्र नीट समजून घ्या. मी घाणीचं नाव नाही. घाण शेजाऱ्याच्या दारात करू नये, याची आठवण करून देणारं नाव आहे. शेजारी डोळ्यांना दिसत नसला तरीही. तुमच्या कितीतरी गोऱ्यागोमट्या शब्दांना एवढी रीतभात नाही.

तरुणपणी मी मजेत होतो. माणसागणिक रोज एकदा तरी माझी हजेरी असायचीच. पुढे जुन्या गोष्टी वासराच्या कातड्यावर लिहून काढायचे दिवस आले. त्यातल्या एका गोष्टीत मी आहे. पवित्र जागी बसावं की बसू नये, यावरून त्या गोष्टीत माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. ते लिहिणारा गंभीर माणूस माझ्यापाशी आला तेव्हा त्याची लेखणी क्षणभर थांबली. मला वाटतं तो हसला. मग शहाण्यासारखं त्याने मला लिहून टाकलं आणि पुढे गेला.

त्यानंतर मी पंडितांच्या तावडीत सापडलो. त्यांनी मला चिमट्यात धरून उजेडात फिरवून पाहिलं आणि माझा अर्थ लॅटिनमध्ये लिहिला, म्हणजे बायकांना आणि पोरांना कळू नये. विद्यार्थी माझ्यापाशी आले की खुसखुसायचे आणि पान उलटायचे. तोवर घराघरात पांढरे शुभ्र संडास आले, दाराला कडी आली, साखळी ओढली की काम झालं. कुणाला पळवून लावायची भीती उरली नाही, मग माझी गरज कुणाला? मी शब्दकोशात पडून राहिलो. जिवंत असा फक्त एका गळ्यात उरलो. तो गळा स्वानबोर्गचा.

स्वानबोर्ग म्हणजे पश्चिमेच्या खाडीवरच्या ग्रेनहोल या शेताची मालकीण. वय सत्तरीला टेकलेलं, बांधा आडवा, आवाज मात्र असा की चर्चमध्ये ती गायला लागली की बाकीचे नुसतं तोंड हलवतात. तिच्या घरामागे एक हिरवीगार टेकडी होती. आजूबाजूचं गवत ऑगस्टात पिवळं पडलं तरी हिच्यावरचं गवत गुडघाभर आणि गच्च. त्या गवताला कधी कुणी विळा लावला नव्हता. आमच्या मुलखात न कापलेलं गवत म्हणजे ते दुसऱ्या कुणाचं तरी, हे सांगावं लागत नाही. ती जागा लपल्या माणसांची. तिथे विळा चालवला की गाय आटते, नाहीतर सासू येऊन राहते.

स्वानबोर्ग लहान असताना तिनेही आईला विचारलं होतं, तिथलं गवत का कापत नाही म्हणून. आईने हेच सांगितलं. बाप ओड्डुर कोपऱ्यात बसून वाळका मासा कुटत होता. आई बाहेर गेल्यावर त्याने पोरीला जवळ बोलावलं आणि मला तिच्या कानात सोडलं. म्हणाला, आपली माणसं पिढ्यान् पिढ्या त्या टेकडीमागे आल्फरेकला जात होती. तसलं गवत गाईला कोण घालणार? म्हणून कापत नव्हते. मग संडास घरात आला, कारण विसरलं गेलं, न कापणं तेवढं राहिलं. आणि आता तुझी आई तिथून जाताना मान लववते. शेवटी त्याने तिला बजावलं, हे आईला सांगायचं नाही. स्वानबोर्गने ते कुणालाच सांगितलं नाही. मेंढ्यांनी अंगणात घाण केली की कुत्र्यापाशी माझं नाव घ्यायची, तेवढंच.

धाकटा भाऊ ह्याल्ती आईचा लाडका, त्यामुळे त्याच्या वाट्याला आईची गोष्ट आली. त्याने टेकडीच्या पायथ्याशी कॉफीचं दुकान काढलं, टेकडी दिसेल अशी मोठी खिडकी ठेवली, आणि लपल्या माणसांच्या म्हणून उंच टोकाच्या लोकरी टोप्या विकायला लागला. बसमधून उतरलेल्या पाहुण्यांना तो निळ्या घागऱ्यातल्या लपल्या बाईची गोष्ट सांगायचा. बाळाला दूध नाही म्हणून ती त्याच्या आजीकडे वाटी घेऊन आली होती म्हणे. ही गोष्ट सांगताना त्याचे डोळे खरेखुरे भरून यायचे. ह्याल्ती लबाड नाही. नव्या वर्षाच्या रात्री लपली माणसं बिऱ्हाड हलवतात, तेव्हा त्यांना वाट दिसावी म्हणून तो टेकडीवर कंदील ठेवतो, आणि तेव्हा बघायला एकही पाहुणा नसतो.

आता बदकांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यापायी घडलं. ग्रेनहोलच्या किनाऱ्यावर दर मे महिन्यात आयडर बदकं अंडी घालायला येतात. ती आपल्या छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरतात, आणि स्वानबोर्ग त्यांतली थोडी पिसं रजयांसाठी उचलून त्या जागी कोरडं गवत घालते. बदकं जंगली, पण तिच्या हाताला चोच मारत नाहीत. त्यांच्यासाठी तिने जुने टायर मांडलेत, फळ्यांचे आडोसे केलेत, रंगीत फडकी लावलीत, कारण बदकांना फडकी आवडतात. रेडिओसुद्धा लावून ठेवते. बातम्या लागल्या की बंद करते, बदकं उदास होतात असं तिचं म्हणणं. कोल्हा, मुंगसासारखा मिंक आणि कावळ्यांवर ती डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते. नवरा गेल्यापासून तिचं वर्ष मे महिन्यापासून सुरू होतं. बाकीचे महिने म्हणजे नुसती वाट बघणं.

या बदकांची एक खोड सांगायला हवी. अंड्यांवर बसलेल्या मादीला कोल्ह्याने दचकवलं तर ती उडताना अंड्यांवर अशी काही घाण करून जाते की विचारू नका. त्या वासाने कोल्हाही दोन पावलं मागे सरतो. अंडी वाचतात. स्वानबोर्गचे हात कितीदा त्यात बरबटलेत, पण तिने बदकाला कधी बोल लावला नाही.

ग्रेनहोलपाशी रस्त्याला एक वाईट वळण होतं. टेकडीला धक्का नको म्हणून जुन्या लोकांनी रस्ता तिला वळसा घालून नेला होता. एका हिवाळ्यात बर्फावर शाळेची बस त्या वळणावरून घसरून खड्ड्यात गेली. कुणाला लागलं नाही, पण सगळ्यांची पाचावर धारण बसली. रस्तेखात्याने ड्रीफा नावाची इंजिनिअर बाई पाठवली. तिने ह्याल्तीच्या दुकानात लोकांना बोलावलं आणि नकाशावर दोन रेघा दाखवल्या. रस्ता सरळ न्यायचा तर एक तर टेकडीतून, नाहीतर खाली किनाऱ्यावरून, जिथे स्वानबोर्गची बदकं बसतात.

ड्रीफा शिकलेली बाई. तिने सुरुवातीलाच सांगितलं की लपल्या माणसांवर तिचा मुळीच विश्वास नाही. ‘पण’ म्हणाली आणि थांबली. आमचा देश त्या ‘पण’वरच उभा आहे. मग एकेकाने उठून तेच सांगितलं. माझाही विश्वास नाही, पण उत्तरेला एका खडकाला हात लावला तर तीन यंत्रं बंद पडली. माझाही नाही, पण माझ्या मेव्हण्याने दगड हलवला आणि त्याच्या डोक्यावरचे केस गेले. ह्याल्ती सगळ्यात शेवटी बोलला आणि छान बोलला. बदकांना पंख आहेत, ती दुसरीकडे जातील, टेकडी कुठे जाईल, असं त्याने विचारलं. लोकांनी माना डोलावल्या. ड्रीफाची पेन्सिल किनाऱ्याच्या रेघेवर टेकली.

बदकं दुसरीकडे जात नाहीत. जिथे अंड्यातून बाहेर आली तिथेच परत येतात, त्याच किनाऱ्यावर, कधीकधी त्याच टायरात. तिथे डांबर दिसलं तर ती एकदा घिरटी घालतील आणि पुन्हा कधी येणार नाहीत. हे स्वानबोर्गला ठाऊक होतं. आणि एका शब्दात हे सगळं थांबेल, तेही ठाऊक होतं. पण तो शब्द काढायचा म्हणजे भावाच्या दुकानावर, त्याच्या आयुष्यभराच्या गोष्टीवर आणि गेलेल्या आईच्या मान लववण्यावर पाणी ओतायचं. तेही चर्चमध्ये शेजारी उभं राहून गाणाऱ्यांच्या देखत. मला खाली ढकलायला तिने कॉफीचा मोठा घोट घेतला.

मी काही खाली गेलो नाही. खरं सांगतो, मला तेव्हा बदकांचं काही पडलं नव्हतं. चारचौघांत कुणी मला उच्चारल्याला जमाना झाला होता, आणि मी तिच्या जिभेच्या मुळाशी पाय रोवून उभा होतो.

“टेकडीत कुणी राहत नाही,” ती म्हणाली. “तिच्यामागे आपल्या घरची माणसं आल्फरेकला जात होती. बाबांनी मला सांगितलंय.”

आधी मी सगळ्यात म्हाताऱ्यांना कळलो. मग त्यांच्या कानगोष्टींतून पुढच्या रांगेला. मग एका बाईच्या नाकातून कॉफी बाहेर आली, आणि त्यानंतर जो हशा पिकला तो मी माझ्या उमेदीच्या काळातही ऐकला नव्हता. मी धन्य झालो. ह्याल्ती मात्र पांढराफटक पडला होता. बाबांनी हे मला का नाही सांगितलं, असं त्याने विचारलं. स्वानबोर्ग म्हणाली, “तू आईला जाऊन सांगितलं असतंस.” ते खरं होतं आणि म्हणूनच त्याला फार लागलं. तो स्वतःच्याच दुकानातून उठून निघून गेला. लोकांनी आपापले कप विसळले आणि हसू दाबत घरी गेले. मलाही पहिल्यांदाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

पुढे जुन्या वस्तू उकरणारे लोक आले. त्यांनी टेकडीत एक चर खणला, माशांची हाडं आणि मोडका लाकडी चमचा काढला, आणि खाली जी काळीभोर चिकण माती लागली तिच्याकडे बघून एकमेकांकडे बघितलं. टेकडीत राखण्यासारखं काही नाही, असं त्यांनी कळवलं. रस्ता टेकडीतून न्यायचं ठरलं. बदकं समुद्रावर परत गेली की काम सुरू.

त्या उन्हाळ्यात ह्याल्ती बहिणीशी एक शब्द बोलला नाही. टोप्या त्याने फळीवरून काढून खोक्यात भरल्या. पाहुण्यांनी टेकडीबद्दल विचारलं तर म्हणायचा, टेकडी आहे. स्वानबोर्ग रोज संध्याकाळी त्याच्या दिव्याकडे बघायची आणि कुत्र्याला सांगायची की तिने काही वाईट केलेलं नाही. कुत्र्याला पटायचं, तिला पटायचं नाही. भावाची तिला फार आठवण यायची, आणि तो हाकेच्या अंतरावर होता.

ऑगस्ट संपता संपता खोदायचं यंत्र आलं. ते चालवणारा थोरमोद म्हणजे तालुक्यात नावाजलेला गडी. आख्खे डोंगर त्याने उकरले होते. बघायला अर्धा गाव जमला. ह्याल्तीसुद्धा दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. थोरमोद खाली उतरला, टेकडीला एक फेरी मारली, टोपी काढली, परत आपल्या जागेवर जाऊन बसला आणि हाताची घडी घातली.

ड्रीफाने त्याला विचारलं काय झालं. तो म्हणाला, मी नाही खणणार, आत लोक आहेत. ड्रीफाने काळ्या मातीची गोष्ट पुन्हा सगळी सांगितली. थोरमोदने शांतपणे ऐकून घेतलं.

“ते सगळं मान्य,” तो म्हणाला. “पण यांच्या घरात संडास कधी आला? हिच्या बापाच्या लग्नाच्या आधी. तेव्हापासून इथे कुणी बसलेलं नाही. एवढ्या वर्षांत पावसाने सगळं धुऊन निघालं, वर असं गवत आलं, आडोसा आहे, समोर समुद्र दिसतो. अशी जागा रिकामी राहते का? आता कुणीतरी राहायला आलंच असणार.”

ड्रीफाची स्वतःची मुलगी राजधानीत भाड्याची खोली शोधून थकली होती. चांगली जागा रिकामी राहत नाही, हे तिला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. जमलेल्या लोकांनीही माना डोलावल्या. आमच्याकडे श्वास आत ओढत ‘हो’ म्हणतात, तसं सगळ्यांनी एकदम केलं आणि जणू गावाने एक मोठा उसासा उलटा घेतला. ड्रीफा स्वानबोर्गला बाजूला घेऊन म्हणाली की यंत्र या आठवड्यात परत जायचंय. आता टेकडी फुटली नाही तर पुढच्या वर्षी रस्ता किनाऱ्यावरून जाईल, मग ड्रीफाच्याही हातात काही उरणार नाही.

स्वानबोर्ग किनाऱ्याकडे बघत राहिली. रिकामे टायर, वाऱ्यावर फडफडणारी फडकी. मग ती यंत्रापाशी गेली आणि थोरमोदला तिने विचारलं, ते निघून गेले असं तुला कशाने पटेल?

थोरमोद आपल्या बुटांकडे बघायला लागला. त्याला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. लपल्या माणसांना हलवायचा एकच उपाय आमच्या वाडवडिलांनी सांगून ठेवलाय, आणि तो मी. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मेंढ्या गोळा करायला डोंगरात गेले की प्रत्येक दगडामागे जाऊन येणारे धटिंगण, पण त्या दिवशी प्रत्येकाचं सकाळीच उरकलं होतं.

“मी जाते,” स्वानबोर्ग म्हणाली.

ह्याल्ती दारातून तरातरा आला. एवढ्या महिन्यांनी तो तिच्याशी बोलला तो असा. “अगं, तुला काही लाज? या वयात? चर्चमध्ये गातेस तू!”

“ह्याल्ती, कोल्हा आला की बदक अंड्यांवरून उठताना काय करतं?”

तो शेतावरच वाढलेला. त्याला काय सांगायचं?

“मादी अंड्यांसाठी करते, मी तिच्यासाठी करते,” स्वानबोर्ग म्हणाली. “मला दुसरं काही येत नाही रे. माझ्याकडे तेवढी बदकंच आहेत.”

हे बोलताना तिचा तो चर्च दणाणून सोडणारा आवाज फाटला. ह्याल्तीने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा पुन्हा निघून जाणार. तो निघालाच, पण दुकानात गेला, आणि लांब टेबलावरचं मोठं निळं कापड ओढून घेऊन आला. बहिणीचा दंड धरून तिला टेकडीमागे नेलं, कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं, तिच्याकडे पाठ केली आणि गावावर खेकसला, “समुद्राकडे तोंड करा सगळे!”

सगळ्यांनी केलं. ड्रीफाने केलं, थोरमोदने यंत्रावर बसल्या बसल्या केलं, कुत्र्यानेसुद्धा केलं. वाऱ्याने निळं कापड फुगलं, पण ह्याल्तीने ते खाली येऊ दिलं नाही.

मला आजवर लाखोंनी उच्चारलंय. कुणी कंटाळून, कुणी हसून, कुणी लॅटिनमध्ये. पण नावाला जागायची संधी मला किती वेळा मिळाली असेल? बहुतेकदा लोकांनी पोट रिकामं केलं, झालं. त्या दिवशी एका बाईने मला सबंध, आल्फही आणि रेकही, असं मनापासून पार पाडलं, आणि मला माझी लाज कधी वाटली असेल तर ती त्या दिवशी गेली. आतून कोणी उठून गेलं का, ते मी पाहिलं नाही. ह्याल्ती शपथेवर सांगतो की कापडाची खालची कड कुणीतरी लगबगीने ओलांडल्यासारखी हलली, एकदा नव्हे, चांगली घरभर माणसं गेल्यासारखी. वारा असेल. आमच्याकडे वारा असतोच.

स्वानबोर्ग घागरा झटकत बाहेर आली. थोरमोदने तिच्याकडे बघितलं. तिने श्वास आत ओढत ‘हो’ म्हटलं. त्याने टोपी घातली आणि यंत्र सुरू केलं.

आता माझं कसं चाललंय, तेवढं सांगून संपवतो. वळण गेलं. शाळेची बस सरळ रस्त्याने जाते. ह्याल्तीने जाहीर केलंय की लपली माणसं दुकानामागच्या मोठ्या खडकात राहायला आली आहेत, सगळी सुखरूप, फक्त जरा रागावलेली. टोप्या परत फळीवर आल्यात. बसमधल्या पाहुण्यांना आडोसा दिसला की घाई होते, म्हणून त्या खडकापाशी त्याने एक पाटी लावली आहे: इथे आल्फरेक करू नये. मोठ्या अक्षरांत, लाल रंगाने. ज्यांना मी हजार वर्षं हाकलत आलो त्यांच्याच दारात आता राखणदार म्हणून उभा आहे. काय दिवस आलेत बघा!

निरोपाला एवढंच मागतो. उघड्यावर बसायची वेळ तुमच्यावर न येवो. आलीच तर आधी जरा थांबा आणि विचार करा, इथे कोण राहत असेल. आणि कधी कुणा बाईमाणसाला नको ते करताना पाहिलंत, तर नाक मुरडायच्या आधी बघा की तिच्यामागे कुणाची अंडी आहेत. मग मुरडायचं तर मुरडा, मी काही बोलणार नाही.

आता मला जायला हवं. मे महिना लागलाय. बदकं आली आहेत, सगळी, त्याच टायरांत. ह्याल्ती तळलेल्या क्लाइनुरचं, म्हणजे आमच्याकडच्या शंकरपाळ्यांचं, ताट घेऊन कितीतरी वर्षांनी किनाऱ्यावर आला, रेडिओपाशी बहिणीशेजारी बसायला गेला, आणि आंधळ्यासारखा थेट एका घरट्यावरच पाय देणार होता. मादी दचकून उडाली. अंडी वाचली, त्याचे नवे बूट वाचले नाहीत. तो वास घेऊन भाऊ आभाळाकडे तोंड करून उभा आहे, बहीण पोट धरून वाळूत बसली आहे, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलंय, आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल अशा त्या आवाजात ती मला हाक मारते आहे.

आलो गं बाई, आलो.